सेल उतरलेलं गाणं

"रोज रात्री तेच इंग्रजी गाणं कानाला लावून रडायलीय, मॅडम. विचारलं की म्हणते, काही नाही." खुर्चीत नीट बसायच्या आधीच यजमानांनी सांगून टाकलं. ताई शेजारी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. सासूबाईंचं म्हणणं वेगळं, "लग्नाआधीचं काही असंल." ते यजमानांनी सांगितलं नाही. ताईंनीच नंतर, ते बाहेर गेल्यावर सांगितलं.

चाळिशी-पन्नाशीतली पुष्कळ माणसं हीच काळजी घेऊन समुपदेशनाला येतात. तरुणपणीचं एखादं गाणं अचानक कानावर पडतं आणि मग सुटता सुटत नाही. ऐकलं की रडू येतं, न ऐकता राहवत नाही, ऐकून झालं की घर, नोकरी, जेवण सगळं बेचव. हे डिप्रेशन आहे का? आपण संसारात सुखी नाही, असा याचा अर्थ होतो का? गाणं बंद करावं का?

इथली हकिकत ओळख पटू नये इतपत बदललेली आहे. गाण्याचं नावही मुद्दाम देत नाही, कारण ताईंच्या माहेरी ते वाचून ओळखणारं एक माणूस आहे. एवढं पुरे की ते १९९० च्या आसपासचं इंग्रजी सिंथ-पॉप आहे. खाली यंत्राचा ठोका, वर कीबोर्डची थंड, लांबलेली सुरावट, आणि गाणारा असा की जणू बंद दाराआडून बोलतोय.

ताई ४८ वर्षांच्या. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडिलांचे यंत्रमाग होते. सासर विजापूर रोडला, मुलगी शिकायला पुण्यात. मुलीने पाठवलेल्या एका रीलच्या पाठीमागे त्या गाण्याची सुरुवात वाजत होती, जेमतेम पंधरा सेकंद. भाकरी थापता थापता ताईंचा हात थांबला, तव्यावरची करपली. ही ऑगस्टअखेरची गोष्ट. आमच्याकडे आल्या नोव्हेंबरच्या शेवटी.

पहिल्या बैठकीत गाण्याविषयी फार बोलायचं नसतं. नव्या समुपदेशकाची चूक इथेच होते. गाण्याची गोष्ट सुरस असते, आपण तिच्यामागे जातो आणि शरीराचं विचारायचं राहून जातं. झोप, भूक, वजन, पाळी, थायरॉइड, आधीपासूनच्या गोळ्या. ताईंची पाळी आठ महिने अनियमित होती आणि रात्री घाम यायचा. या वयात मन हळवं व्हायला तेवढंही पुरतं, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन थोडं कमी. पण सगळं पाळीच्या माथी मारून मोकळं होणंही बरं नाही. घाम पाळीमुळे येत असेल, नेमकं एकाच गाण्याला रडू का येतं हे त्याने सुटत नाही.

मग डिप्रेशन जोखणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा वर गेलं तर नीट तपासणी हवीच. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा. तो कुजबुजत, घाईत विचारायचा नसतो. इतर आठ प्रश्नांच्याच आवाजात विचारायचा. ताईंचे गुण आले सात, नवव्याला शून्य. सातातले तीन एकट्या झोपेचे. झोप का येत नाही, तर साडेअकराला दिवे मालवल्यावर मोबाईल चादरीत घेऊन गाणं सुरू व्हायचं ते एक-दीडपर्यंत.

यजमानांनी मध्यंतरी गाणं बंद करायला लावलं होतं, मोबाईलमधून काढूनही टाकलं होतं. परिणाम असा की ताई न्हाणीघरात नळ सोडून ऐकू लागल्या. रडण्यात आता लपवाछपवीची लाज मिसळली, आणि सासूबाईंच्या संशयाला पुरावा मिळाला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल मनातून हलेना, आणि बंदी उठवल्यावर तर जास्तच येऊ लागलं. घरातल्या बंदीचं हेच होतं.

त्यामुळे बंदी नाही, नोंद. वहीच्या पानावर पाच रकाने आखून दिले: किती वाजता ऐकलं, सलग किती वेळा, त्याआधी काय चाललं होतं, ऐकण्याआधी मन दहापैकी किती, आणि ऐकून वीस मिनिटांनी किती. वीस मिनिटं महत्त्वाची. गाणं संपल्या संपल्या आकडा विचारला तर तो गाण्याचा असतो, माणसाचा नसतो. सात दिवस लिहायचं, सुधारायचं काही नाही.

दुसऱ्या बैठकीला वही आली. बऱ्याच जणांची कोरी येते, ताईंची भरलेली होती, वर हळदीचा डाग. त्यात जे दिसलं ते त्यांना स्वतःलाच नवं होतं. पहिल्यांदा ऐकल्यावर मन चारवरून सहावर जायचं. म्हणजे गाण्याने बरं वाटत होतं! तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तीन, सहाव्यानंतर दोन. आणि दोन दिवस असे होते की दुपारी चारला शेंगा सोलताना एकदाच ऐकलं, मग कोणी तरी आलं, आणि वीस मिनिटांनीही आकडा सहाच होता. दुखत होतं ते गाण्याने नव्हे, उगाळण्याने. मानसशास्त्रात याला रवंथ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. तोच घास पुन्हा पुन्हा वर येतो, पण गाईला त्यातून पोषण मिळतं, माणसाला नाही.

त्यावरून नियम ठरले. दिवसातून दोनदा ऐकायचं, सलग नाही. पूर्ण ऐकायचं, आवडता तुकडा पुन्हा पुन्हा ओढून नाही. रात्री साडेनऊनंतर नाही. ऑटोप्ले बंद, कारण ॲपला तुमचं मन कळत नाही, फक्त बोट कळतं. एक उदास गाणं पूर्ण ऐकलं की ते आणखी दहा उदास गाणी रांगेत लावतं. आणि गाणं संपलं की वीस मिनिटं हाताला काम: शेंगा, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. टीव्ही चालत नाही, त्यात हात रिकामे राहतात.

इथे थोडं थांबून, हे का होतं, तेही सांगायला हवं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरने बाझेलला आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बनवला तो रोगाचं नाव म्हणून. घरापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांना होणारा आजार, असं त्याचं निदान होतं. पुढे ही समजूत बरीच वर्षं टिकली. आज त्याला कोणी आजार म्हणत नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि त्यातही गाणी पौगंडावस्थेतली. कॅलिफोर्नियातले संशोधक पेटर जनाटा यांनी २००९ मध्ये लोकांना त्यांच्या तरुणपणीची गाणी ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. ओळखीचं, आठवणीशी जोडलेलं गाणं वाजलं की कपाळामागचा, 'मी'शी संबंधित विचार जिथे चालतात तो भाग जागा व्हायचा. म्हणजे गाणं नुसतं ऐकू येत नाही, त्यात आपण दिसतो.

या जातीच्या गाण्यांचा आणखी एक गुण आहे. ताल नाचायचा, सूर रडायचे. 'डेपेश मोड' या इंग्लिश बँडचं 'एन्जॉय द सायलेन्स' हे १९९० चं गाणं घ्या. मार्टिन गोर यांनी ते आधी संथ, हार्मोनियमच्या साथीने रेकॉर्ड करून आणलं होतं. ॲलन वाइल्डर यांनी सुचवलं की याला वेग देऊ, खाली ठोका घालू. गाजलं ते वेगातलं रूप, पण आतला संथ माणूस तसाच राहिला. अशा गाण्यात पाय हलत राहतात, म्हणून मन बेसावध असतं. उघड रडगाणं असतं तर आपण दार लावून घेतलं असतं.

ताईंच्या बाबतीत आणखी एक शक्यता वाटते, ती आमची, कुठल्या संशोधनाची नाही. ज्या मुलीचं बालपण मागाच्या खटक-खटक आवाजात गेलं, तिला ड्रम मशिनचा न चुकणारा ठोका परका वाटलाच नसेल. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या वर फटके मारतो. या गाण्यांचा वेगही तिथेच कुठेतरी असतो.

दुसऱ्या बैठकीत मुख्य काम सुरू झालं. "गाणं ऐकल्यावर काय आठवतं?" तर उत्तर, "ते दिवस." कुठले? "तेच, कॉलेजचे, मोकळे." हे धुकं. मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८६ पासून दाखवलं आहे की खचलेल्या मनाची आठवण अशीच ढोबळ असते: 'तेव्हा सगळं छान होतं', 'घरी नेहमी असंच व्हायचं'. एका दिवसाची, एका जागेची, एका माणसाची आठवण काढणं त्या मनाला जड जातं. आणि गाणं धुक्यातच राहिलं तर ते कधी संपत नाही, कारण ज्याचा कडेचा काठ दिसत नाही त्यावरून हात फिरवून बाजूला तरी काय ठेवणार? म्हणून धुक्यातून एक प्रसंग काढायचा. हे सगळ्या बैठकांमधलं मूळ काम, बाकी त्याची तयारी.

पद्धत अशी. गाण्याचे पहिले वीस सेकंदच लावायचे आणि थांबवायचं. डोळे मिटायची सक्ती नाही. मग प्रश्न, पण 'कसं वाटलं' हा प्रश्न नाही. पायाखाली काय आहे? उजेड कुठून येतोय? वास कसला? डाव्या हाताला काय आहे? याच्या आधी काय करत होतात, आणि नंतर लगेच काय झालं? उत्तर नाही आलं तर जागा कोरी सोडायची. 'भाऊ होता का?' असं कधीच विचारायचं नाही, 'कोण होतं?' एवढंच. आठवण कपाटातून काढलेल्या फोटोसारखी नसते, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि विचारणाऱ्याने सुचवलेला माणूस तिच्यात सहज येऊन बसतो.

ताई अडखळत होत्या. मग म्हटलं, तेलुगूत सांगा. आम्हाला सगळं नाही कळलं तरी चालेल, नंतर मराठीत सांगा. जी आठवण ज्या भाषेत घडली ती त्या भाषेत लवकर सापडते, हे द्विभाषिक लोकांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. सोलापुरात काम करताना हे फार उपयोगी पडतं. इथे कितीतरी जणांचं शाळेतलं मन मराठी आणि न्हाणीघरातलं मन तेलुगू किंवा कन्नड असतं.

दोन वाक्यांतच 'अन्ना' आला. मोठा भाऊ.

मग चित्र भराभर उभं राहिलं. उन्हाळा, माळवद. खालच्या पांढऱ्या मातीवर संध्याकाळी पाणी मारलेलं, त्याचा वास. शेजारच्या शेडमधले माग चालू, भिंतीला पाठ टेकली की पाठीत तो ठोका लागायचा. ताई तेरा-चौदाच्या, अन्ना एकोणीसचा, डिप्लोमाला. होस्टेलच्या मित्राकडून भरून आणलेली नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि उसना वॉकमन. हेडफोन एकच, नारिंगी स्पंजाचा, पातळ पत्र्याच्या पट्टीचा. एक कान बाहेर वळवून दोघं डोक्याला डोकं लावून बसायची. डावा ताईंना, उजवा अन्नाला. दुपारी आईने कुरडया वाळत घातल्या होत्या, त्याच पत्र्यावर कडेला अन्नाने दोन पेन्सिल सेल उन्हात ठेवले होते. तापवले की आणखी पाचेक गाणी निघतात, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पाच निघायची नाहीत. हे गाणं अर्ध्यावर आलं की जड व्हायला लागायचं, गाणाऱ्याचा आवाज खाली खाली जायचा, आणि अन्ना म्हणायचा, सेल उतरले.

इथे ताई हसल्या. तीन महिन्यांत त्या गाण्यावर पहिल्यांदा.

पहिल्यांदा सांगताना त्यांनी अन्नाच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट घातला होता. नंतर स्वतःच म्हणाल्या, छे, नोकरी तर चार वर्षांनी लागली. असं होतंच. शर्ट चुकला म्हणून माळवद खोटं ठरत नाही. चुका दिसू लागल्या की उलट समजावं, माणूस आठवणीला चिकटून न बसता तिच्याकडे बघू लागलाय.

या प्रसंगाने एक जुनी तक्रारही सुटली. ताई पहिल्यापासून म्हणत होत्या, "मोबाईलवरचं गाणं ते नाहीच आहे. जरा घाईत आहे, उंच आहे." घरच्यांना वाटलं, हा भ्रम. भ्रम नव्हता. वॉकमनचे सेल कमी पडले की मोटर हळू फिरते, टेप हळू सरकते, आणि टेप हळू सरकली की लय आणि पट्टी दोन्ही एकदम उतरतात. वेग सहा टक्क्यांनी घटला तर गाणं अर्ध्या सुराने खाली येतं, पेटीच्या भाषेत काळी एकमधलं पांढरी एकमध्ये. चार मिनिटांचं गाणं पंधरा सेकंदांनी लांबतं. आणि आवडत्या गाण्याची पट्टी सामान्य माणसाच्याही डोक्यात बऱ्यापैकी अचूक बसते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये साध्या श्रोत्यांना आवडतं गाणं मनाने म्हणायला लावलं, तेव्हा पुष्कळ जण मूळ पट्टीच्या अगदी जवळ निघाले. ताईंच्या डोक्यात उतरलेल्या सेलची पट्टी बसली होती. शिवाय डावाच कान! स्टिरिओ गाण्यात काही वाद्यं एका बाजूला जास्त ठेवलेली असतात. म्हणजे तेव्हा त्यांनी ते गाणं कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं.

मोबाईलवरचा वेग कमी करून हे साधत नाही. तिथे ॲप लय कमी करतं पण पट्टी सांभाळून धरतं, त्यामुळे गाणं टेपसारखं न वाटता झिंगल्यासारखं वाटतं. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या सोयी असतात, एक फक्त लय बदलणारी, एक लय-पट्टी दोन्ही बदलणारी. दुसरी निवडून उणे सहा घालायचं. मुलीने पुण्याहून ते करून पाठवलं. ताईंनी तिसऱ्या बैठकीत डाव्या कानाने ते एकदा ऐकलं, आणि लगेच मूळ गाणं दोन्ही कानांनी. दुसरं ऐकताना मध्येच हात वर केला, "ही सुरावट होती यात?" उजव्या कानातली. अन्नाची.

हा खेळ एकदाच करावा. उतरवलेलं रूप रोज ऐकायला दिलं असतं तर ताईंना माळवदावर कायमचा मुक्काम ठोकायची सोय झाली असती. ज्यांच्याकडे जुनी कॅसेट सापडते तेही असंच करतात. त्यांना एवढंच सांगावं की वीस-तीस वर्षं पडून असलेली कॅसेट थेट चालवू नका. आत पट्टीमागचा स्पंजाचा छोटा गादीतुकडा गळून पडलेला असतो, प्लेअरचा रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असतो, आणि नव्वद मिनिटांची टेप साठच्या टेपपेक्षा पातळ, चटकन गुंडाळून घेते. आधी पेन्सिल घालून हाताने फिरवून बघावी. अडत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. आठवणीचं ओझं असलेली वस्तू डोळ्यांदेखत तुटली की आठवडाभराचं काम वाया जातं.

पण अन्ना तर आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, अशोक चौकापासून हाकेच्या अंतरावर राहतो. मग रडू कशाचं?

हे शोधायला एक कंटाळवाणं पण खात्रीचं साधन आहे, दिनदर्शिका. त्रास सुरू झाल्याच्या आधीचे दोन महिने समोर ठेवायचे आणि घरात घडलेलं सगळं, लहानमोठं, तारखेवर लिहायचं. ताईंनी लिहिलं. नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी भावाने व्हॉट्सॲपवर हक्कसोड पत्राचा मसुदा पाठवला. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, घर आणि शेड नावावर करायचं आहे, "तुझी सही लागते". सोबत एक शब्द नाही, नुसती पीडीएफ. पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्याच दिवशी राखी. लग्न झाल्यापासून ताई त्या दिवशी माहेरी गेल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. यंदा गेल्या नाहीत, राखीही पाठवली नाही. बरं नाही म्हणून कळवलं. आणि मग पंधरा दिवसांनी ते रील.

कागदावर तारखा एकाखाली एक आल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागितलं असतं तर दिलं असतं की, मॅडम. मागितलंच नाही. पाठवलं."

गाण्याला ही गल्लत फार वेळा चिकटलेली असते. माणूस सांगतो की तरुणपण आठवतं, आणि रडतो ते गेल्या महिन्यात घडलेल्या गोष्टीवर, जिच्यावर रडायची त्याला घरात परवानगी नसते. जमिनीच्या कागदावरून रडणारी बहीण लोभी ठरते. गाण्यावरून रडली तर फार तर हळवी.

म्हणून तिसऱ्या बैठकीनंतर दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कागद वकिलाकडे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हक्क, हक्कसोड नोंदणीकृतच लागतं, एकदा केलं की सहजी मागे फिरत नाही, हे समुपदेशकाने नव्हे, कायदा जाणणाऱ्याने सांगायचं. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तेवढा पत्ता दिला. सही करावी की नाही यावर आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि ताईंनी चार वेळा विचारलं.

दुसरी गोष्ट, अन्नाला पत्र. न पाठवण्याचं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या पद्धतीने सलग चार दिवस, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, शुद्धलेखनाची पर्वा न करता. भाषा कुठलीही. यात होणाऱ्या चुका ठरलेल्या: माणूस ते रात्री लिहितो, मोबाईलवर लिहितो, आणि अकरा वाजता पाठवून मोकळा होतो. म्हणून कागदावर, दिवसा, आणि लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायचं, वाचायचं नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांना आधीपेक्षा वाईट वाटतं. हे आधीच सांगून ठेवावं, नाही तर दुसऱ्या दिवशी वही उघडत नाही. ताईंची पहिली दोन पानं रागाची होती. तिसऱ्या दिवशीचं अर्धं पान नुसतं सेलबद्दल.

यजमानांनाही काम दिलं होतं. 'बंद कर' म्हणायचं नाही, 'का रडतेस' विचारायचं नाही, एवढंच विचारायचं की हे गाणं पूर्वी कुठे बसून ऐकायचीस. त्यांनी विचारलं, पण आईच्या देखत, जेवणाच्या ताटावर, आणि अगदी शाळेतल्या इन्स्पेक्टरसारखं. त्या दिवशी ताईंनी रागाने सलग पाच वेळा ऐकलं, वहीत नोंद आहे. आठवड्याने यजमानांनी पुन्हा प्रयत्न केला, या वेळी संध्याकाळी कंबर तलावाकडे फिरताना. उत्तर अर्धा तास चाललं. सासूबाईंना त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण 'लग्नाआधीचं' हा विषय घरात थांबला.

ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. गाणं ऐकून एखाद्याला अपघात, मारहाण, अत्याचार असं काही डोळ्यांसमोर आत्ता घडल्यासारखं दिसत असेल, अंग कापत असेल, तर प्रसंग भरत बसू नये. तिथे आधी पाय जमिनीवर टेकवणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, आणि पुढचं काम त्यातल्या प्रशिक्षित माणसाकडे. गाणं गेलेल्या माणसाचं असेल आणि वर्ष उलटूनही रोजचं जगणं थांबलेलं असेल, तर तो लांबलेला शोक, त्याला वेगळे उपचार आहेत. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खाली, कामावर जाणं बंद, दारू वाढलेली, किंवा गाण्यासोबत मरणाचे विचार येत असतील तर वहीचे रकाने आखत बसायची वेळ नाही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.

चौथी बैठक गड्ड्यानंतर, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेनंतर, जानेवारीच्या अखेरीला झाली. पीएचक्यूचे गुण तीन. हिमोग्लोबिनच्या गोळ्या चालू होत्या, रात्रीचा घाम तसाच होता. वहीत मधले चार दिवस कोरे दिसले. विचारलं तर ताई म्हणाल्या, यात्रेला नणंदेकडची माणसं आली होती, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, रात्रीचं शोभेचं दारूकाम, त्या गडबडीत गाणं ऐकायचं राहूनच गेलं, पाचव्या दिवशी शेंगा सोलायला घेतल्या तेव्हा ध्यानात आलं. मग ऐकलं का? ऐकलं, एकदा, दोन्ही कानांनी.

अन्नाला फोन केलेला नाही. कागदावर सहीही केलेली नाही, वकिलांची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.